वाघाला पास लागला नाही

नोव्हेंबर २०१९ मध्ये नागपूरच्या मिहानात, विमानतळालगतच्या त्या औद्योगिक प्रकल्पात, वाघ आला होता. इन्फोसिसच्या आवाराजवळ दिसला, पावलांचे ठसे निघाले, वन विभागाने कॅमेरे लावले आणि काही दिवस अख्ख्या वर्धा रोडला दुसरा विषय नव्हता. बोरच्या जंगलाकडून आला असावा, असा अंदाज सांगितला गेला. आला, मनाला येईल तसा हिंडला, निघून गेला. मिहानच्या चार हजार हेक्टरांहून मोठ्या पसाऱ्यात गेटपास न दाखवता, गळ्यात ओळखपत्र न अडकवता आणि तासाचे पैसे न भरता मोकळं हिंडल्याबद्दल त्याचा जाहीर सत्कार व्हायला हवा होता. पोटापाण्यासाठी आला असेल म्हणाल, तर मिहानात आणखी कोण कशासाठी येतं?

वाघाचं सोडा, त्याच्यामागे वन खातं आहे. लेकरांच्या मागे कोणतं खातं आहे ते सांगा.

मिहान ही नागपूरकरांच्या दोन पिढ्यांनी 'होऊन राहिलं आहे' म्हणत बघितलेली गोष्ट. महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी २००२ साली स्थापन झाली, तेव्हा शाळेत असलेले पोट्टे आता तिथंच नोकरी करतात, लग्न करून आसपासच्या इमारतींत राहतात आणि त्यांना स्वतःचे पोट्टे आहेत. नियोजनाला हे अनपेक्षित होतं. नियोजनात नोकऱ्या होत्या. नोकरीला माणूस लागतो, माणसाला लेकरू होतं आणि लेकराची रोज एक संध्याकाळ असते, इतकं पुढचं कोण बघतं?

बाकी सगळं आलं. टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल आले. बोइंगने बांधलेला विमानदुरुस्तीचा हँगर आला. दहेगावात आयआयएम उभं राहिलं, एम्स आलं, मेट्रो खापरीपर्यंत आली. मार्च २०२५ मध्ये पतंजलीचा कारखाना सुरू झाला, म्हणजे संत्र्याचा रस काढायचीही सोय झाली. आजारी पडता येतं, व्यवस्थापन शिकता येतं, विमान उघडून बघता येतं. संध्याकाळी सहा वाजता सहा वर्षांच्या पोरीला घेऊन कुठं जायचं, या प्रश्नाचं उत्तर मात्र अजूनही 'सीताबर्डी' असं आहे.

जाता येतं, नाही असं नाही. खापरीहून मेट्रोत बसायचं, सीताबर्डीला उतरायचं, महाराजबागेत जायचं. पुढे गांधीसागराजवळ रमण विज्ञान केंद्र आहे, धरमपेठेत ट्रॅफिक पार्क आहे, हौस असेल तर सेमिनरी हिल्स. भोसल्यांनी महाराजबाग केली, डागा शेठजींच्या नावाने कस्तुरचंद पार्क झालं आणि आपल्या पिढीने फूड कोर्ट केलं. फूड कोर्टाच्या एका कोपऱ्यात लेकरांसाठी प्लॅस्टिकच्या रंगीत चेंडूंचं डबकं असतं. तिथं आधी कार्ड घ्यायचं, मग कार्डात पैसे भरायचे, मग लेकरू आत सोडायचं आणि दर पंधरा मिनिटांनी काचेबाहेरून घड्याळ दाखवायचं. खेळ हा आता मोबाइलसारखा प्रीपेड झाला आहे, फक्त त्यात रात्री फ्री कॉलिंग नाही.

मेट्रोचं कौतुक करायला हवं. तिने 'सेलिब्रेशन ऑन व्हील्स' नावाची योजना काढली: पैसे भरा आणि धावत्या गाडीत वाढदिवस साजरा करा. लोकांनी केलेही. शहराच्या या टोकाला लेकराच्या वाढदिवसाला चाळीस पोरं जमवायला परवडेल अशी जागा हवी असेल, तर ती ताशी काही किलोमीटर वेगाने पुढे सरकत असते, हे वाचून एखाद्या नगररचनाकाराला रात्री झोप लागू नये. पण नगररचनाकार गाढ झोपतात, असा माझा अनुभव आहे.

थोडं पुढे जामठा. २००८ मध्ये सुरू झालेलं, पंचेचाळीस हजार माणसं बसतील असं क्रिकेटचं मैदान. सौरव गांगुली शेवटची कसोटी इथंच खेळला. सामन्याच्या दिवशी दिव्यांचा उजेड पार शेतांपर्यंत पडतो. जामठ्याच्या पोरांचं नशीब बघा, जगातल्या उत्तम हिरवळींपैकी एक त्यांच्या गावात आहे आणि ते स्वतः नहराच्या पाळीवर नाही तर रस्त्याच्या कडेला, विटांचा स्टंप करून खेळतात. हिरवळीवर पाय ठेवायला आधी भारतीय संघात निवड व्हावी लागते. निवड व्हायला खेळायला मैदान लागतं. या चक्रात कुणी अडकलं असेल तर त्याने अर्ज करावा.

अर्ज कुणाकडे, हा पुढचा विनोद. मिहानच्या हद्दीत विमानतळ विकास कंपनी. चिचभुवनकडे महापालिका. वर्धा रोडने जामठ्याकडे निघालात की महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आणि ग्रामपंचायत. बेसा-पिपळ्याला नगरपंचायत. शहरात शिरलात तर १९३६ च्या कायद्याने जन्मलेली, बरखास्तीच्या बातम्यांवर म्हातारी झालेली सुधार प्रन्यास. एखाद्या पोट्ट्याने या भागात कडक षटकार मारला, तर चेंडू एका प्राधिकरणातून उडून दुसऱ्यात पडतो आणि तो आणायला तिसऱ्याचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. प्रत्येकाकडे रस्त्यांचा विभाग आहे, मलवाहिनीचा आहे, जाहिरात फलकांचाही आहे. 'संध्याकाळी पाच ते आठ' या विभागाचा अधिकारी कुणाकडेच नाही.

मिहानात विशेष आर्थिक क्षेत्रही आहे, आणि त्याच्या २००५ च्या कायद्यात जमिनीचे दोन भाग पडतात. एक प्रक्रिया क्षेत्र, जिथं काम चालतं आणि कुंपणाआत फक्त अधिकृत माणूस जातो. दुसरं बिगर-प्रक्रिया क्षेत्र, तिथं घरं, शाळा, दवाखाने, करमणूक वगैरे. कायदा करणाऱ्यांना बिचाऱ्यांना 'वगैरे' सुचलं होतं, हे नोंदवून ठेवतो. पण देशभर काय झालं? पहिल्या भागाला भूमिपूजन, दुसऱ्याला माहितीपत्रकातलं चित्र. चित्रात फुगा धरलेली एक पोरगी असते. तिचं वय गेली वीस वर्षं वाढलेलं नाही.

ज्यांना परवडतं ते गृहसंकुलात राहतात. संकुलात क्लबहाऊस असतं, तरणतलाव असतो, 'किड्स प्ले एरिया' असतो. शेजारी फलक असतो: सायकल चालवू नये, चेंडू आणू नये, हिरवळीवर बसू नये, दुपारी आवाज करू नये, बारा वर्षांवरील मुलांनी झोपाळा वापरू नये, घरकामाला येणाऱ्या व्यक्तींच्या मुलांना प्रवेश नाही. शेवटची ओळ प्रत्येक ठिकाणी लिहिलेली नसते, पाळलेली मात्र असते. हा फलक पाळून जे उरतं, त्याला आपण खेळ म्हणतो. माझ्या ओळखीतल्या एका संकुलात पोरांनी समितीला लेखी विचारलं होतं, की नेमकं काय केलेलं चालेल. समितीने विषय पुढच्या सभेत ठेवला. पोरं दहावीला गेली.

राज्याच्या २०२० च्या एकात्मिक नियमावलीप्रमाणे ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेच्या रेखांकनात दहा टक्के जागा करमणुकीसाठी मोकळी सोडावी लागते. सोडतातही. कुठली, ते विचारू नका. उच्चदाब तारेखालची, नाल्याकाठची, त्रिकोणी उरलेली, जिथं एकही खोली निघत नाही अशी. तिथं 'ग्रीन जिम' बसवतात. ग्रीन जिम हे नागपूरचं खास व्यसन आहे. उद्घाटनाला नाव कोरायला जागा असते, देखभालीची कटकट नसते, आणि लोखंड असल्यामुळे मे महिन्यात दुपारी त्यावर तव्यावरसारखी भाकर भाजता येते. (नागपूरने २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश बघितलेले आहेत. सावली ही आपल्याकडे खेळण्याच्या साहित्यात धरायला हवी, घसरगुंडीच्या आधी.) मोठी माणसं त्या यंत्रांवर दोन दिवस व्यायाम करतात, तिसऱ्या दिवसापासून लेकरं त्यांचा झोपाळा करतात. कारण झोपाळा बसवायचं कुणाच्या निविदेत नव्हतं.

आता एक तारीख सांगतो. ११ डिसेंबर. १९९२ साली या तारखेला भारताने संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार मान्य केला. त्याच्या एकतिसाव्या कलमात खेळ, विश्रांती आणि फावला वेळ हा मुलाचा हक्क म्हणून लिहिला आहे. बरोबर तीस वर्षांनी, ११ डिसेंबर २०२२ रोजी पंतप्रधानांनी मिहानात एम्सचं लोकार्पण केलं आणि समृद्धी महामार्गाच्या नागपूर ते शिर्डी या ५२० किलोमीटरच्या टप्प्याचंही. दवाखाना मिळाला, उत्तम झालं, त्यावर तिरकस बोलायची माझी छाती नाही. शिर्डी पाच तासांवर आली, तेही झालं. एकतिसावं कलम अजून वर्धा रोडच्या सिग्नलला थांबलेलं दिसतं.

पैसा नाही, जागा नाही, असं रडायची इथं सोय नाही. मिहानात काय कमी आहे, तर जागा सोडून सगळं. रविवारी सकाळी जाऊन बघा. चारपदरी रस्ते रिकामे पडलेले असतात. कुणी नवऱ्याला गाडी शिकवत असतं, कुणी लग्नाआधीचे फोटो काढत असतं, चार सायकलवाले, आणि दोन उत्साही पोट्टे मोटरसायकलचं पुढचं चाक हवेत धरून एम्सच्या दिशेने निघालेले. कोलंबियाच्या बोगोटा शहराने १९७० च्या दशकापासून दर रविवारी आपले मुख्य रस्ते गाड्यांना बंद करून माणसांना दिले, आता शंभराहून जास्त किलोमीटर रस्ते सकाळी सायकलींना, स्केटिंगला आणि आज्यांना मोकळे असतात. बोगोटाला त्यासाठी वाहतूक अडवावी लागली. मिहानात अडवायला वाहतूकही नाही. दोन बॅरिकेड आणि एक सही. पण सहीला प्रस्ताव लागतो, प्रस्तावाला सल्लागार लागतो आणि सल्लागाराला 'जागतिक दर्जाचं थीम पार्क' याखाली काही सुचत नाही.

इथं माझं म्हणणं एका ओळीत सांगतो, मग पुन्हा टवाळीला लागू. मिहानला पार्क नको आहे, माणूस हवा आहे. पगारी. संध्याकाळी पाचला कुलूप उघडणारा, चेंडू काढून देणारा, भांडण सोडवणारा, पाणी भरून ठेवणारा आणि आठला 'चला रे घरी' म्हणणारा.

हा शोध माझा नाही. १९४३ मध्ये, जर्मन फौजा शहरात असताना, कोपनहेगनजवळ एम्ड्रप इथं एक खेळाचं मैदान सुरू झालं. सोरेनसेन नावाच्या उद्यानरचनाकाराने पाहिलं होतं, की आपण आखून दिलेल्या बागा सोडून पोरं बांधकामावरच्या लाकडं-विटांत जास्त रमतात. त्याने तेच दिलं: फळ्या, खिळे, माती, भंगार. आणि सोबत एक माणूस नेमला गेला, योन बर्टेलसेन, आधी खलाशी, नंतर बालवाडीचा शिक्षक. मैदान चाललं ते भंगारामुळे जितकं, तितकंच त्या माणसामुळे. मिहानच्या प्रत्येक उभ्या राहणाऱ्या इमारतीखाली रेतीच्या ढिगावर मजुरांची लेकरं हेच खेळत असतात, फक्त त्यांच्यासाठी बर्टेलसेन नाही, सुपरवायझर आहे आणि तो हाकलतो. इमारत आणि इतर बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्यात पन्नासहून अधिक महिला मजूर असतील तिथं पाळणाघर सांगितलं होतं. कायद्याची प्रत ऑफिसात असते, लेकरू ढिगावर.

कोपनहेगन लांब वाटत असेल तर आपल्या घरात या. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला नागपुरात सुरू झाली. १९०१ मध्ये त्या मिलने कामगारांना भविष्य निर्वाह निधी दिला, सरकारी कायदा यायच्या पन्नास वर्षं आधी. १९२० च्या दशकात मिलच्या पैशावर वायएमसीएची माणसं कामगार वस्त्यांत जाऊन रात्रीचे वर्ग आणि पोरांचे खेळ घेत होती. त्या काळी गिरण्यांत पोरंही अर्धवेळ राबत, तेव्हा टाळ्या बेताने वाजवा. तरी मालकाला एवढं उमगलं होतं, की कामगार मिलच्या भोंग्यानंतरही जिवंत असतो आणि त्याच्या घरी आणखी माणसं असतात. मिल २००२ मध्ये बंद झाली. म्हणजे ज्या वर्षी विमानतळ विकास कंपनी जन्मली त्याच वर्षी. एम्प्रेसच्या जागेवर आता मॉल आहे.

वारसा एका कंपनीकडून दुसऱ्या कंपनीकडे गेला नाही, पण कायद्यात शिल्लक राहिला. १९५३ चा कामगार कल्याण निधीचा कायदा, आणि त्यातून उभं राहिलेलं महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळ. ज्यांचं बालपण गिरणीच्या किंवा कारखान्याच्या वस्तीत गेलं, त्यांना कामगार कल्याण केंद्र सांगावं लागत नाही. नागपुरात रघुजीनगरला त्याचं मोठं भवन आहे. शिशुमंदिर, शिवणवर्ग, ग्रंथालय, कॅरमची घासून गुळगुळीत झालेली पाटी. भजन स्पर्धा, नाट्य स्पर्धा. दिवसभर लेथवर उभा राहिलेला माणूस रात्री राजाचा मुकुट चढवून तालमीला उभा राहायचा आणि त्याची पोरगी विंगेत बसून संवाद पाठ करायची. इमारतींना ओल होती, पंखे आवाज करायचे, शिशुमंदिरातल्या बाईंचा पगार वेळेवर होत होता की नाही देव जाणे. पण बाई होत्या. संध्याकाळी दार उघडं होतं. आत यायला कार्ड रिचार्ज करावं लागत नव्हतं.

मिहानात हे का नाही, असं विचारलं की उत्तर मिळतं, आमच्याकडे कॅम्पसमध्ये सगळं आहे. आहे. टेबल टेनिस आहे, जिम आहे, कुठं बास्केटबॉलचं कोर्ट आहे. वर्षातून एकदा 'फॅमिली डे' असतो, त्या दिवशी लेकरांना गळ्यात तात्पुरता पास घालून आईबाबांची खुर्ची दाखवतात, चेहऱ्यावर मांजर रंगवतात आणि सहाच्या आत बाहेर काढतात. २०१७ च्या दुरुस्तीनंतर मातृत्व लाभ कायद्याने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथं पाळणाघर बंधनकारक केलं, आईला दिवसातून चारदा तिथं जायची मुभा दिली. त्यापुढचं, म्हणजे लेकरू पाळण्यातून उतरून पळायला लागल्यावरचं, कायद्याने सांगितलेलं नाही. चौदाव्या वर्षापर्यंत ते गायब, मग एकदम 'आजची पिढी मोबाइलच्या आहारी' या परिसंवादात हजर.

आणि ज्यांची ही जमीन होती? शिवणगाव, तेल्हारा, दहेगाव, कलकुही, खापरी. संपादनात शेत मोजलं, घर मोजलं, विहीर मोजली, झाडं मोजली. गावाच्या कडेला आखर असतो, सकाळी गुरं जमायची ती मोकळी जागा. पोळ्याचं तोरण तिथं बांधायचं, दुपारनंतर पोरांचा क्रिकेट, रात्री शेकोटी. आखराचा मोबदला कुणाच्या खात्यात जमा करणार? तो कुणाचाच नव्हता, म्हणून सगळ्यांचा गेला. पुनर्वसनाच्या रेषेत आखलेल्या गल्ल्यांत प्लॉट असतात, समाजभवन असतं. समाजभवनाला कुलूप असतं, किल्ली कुणाकडे आहे यावरून राजकारण असतं.

तान्हा पोळा मात्र लोकांनी सोडला नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लाकडी नंदी ओढत पोट्टे दारोदार फिरतात, खाऊ-पैशांचा बोजारा गोळा करतात. दुसऱ्या रघुजीराजांनी ही रीत घातली असं नागपूर सांगतं. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी एका राजाला वाटलं, की मोठ्यांच्या सणानंतर एक दिवस छोट्यांचाही हवा. त्याने सल्लागार नेमल्याची नोंद नाही. पुढे भाद्रपद पौर्णिमेपासून भुलाबाई, पोरींचा हक्काचा सण, रोज नव्या घरी गाणी आणि खिरापत ओळखायची चुरस, कोजागिरीपर्यंत. कसलंही साहित्य नाही, तिकीट नाही, फक्त शेजार लागतो. आता संकुलांतही तान्हा पोळा होतो. गुगल फॉर्म भरायचा, नंदी ऑनलाइन मागवायचा, 'बेस्ट डेकोरेटेड बुल' गटात नाव द्यायचं. प्रायोजक दातांचा दवाखाना. बक्षीस चॉकलेट. तरी होतो, हेही खरं. चाळीस लेकरं एका जागी दिसतात आणि त्यांचे आईबाप एकमेकांची नावं विचारतात, दोन वर्षं एकाच लिफ्टने गेल्यानंतर.

आता पैशाचं. जून आणि डिसेंबरचं पगारपत्रक काढा. कपातींत, व्यवसाय कराच्या आसपास, 'एलडब्ल्यूएफ' अशी तीन-चार अक्षरं आणि पंचवीस रुपये दिसतील. २०२४ पासूनचा दर हा आहे: तुमचे पंचवीस, कंपनीचे पंचाहत्तर, सहा महिन्यांतून एकदा. हाच तो कामगार कल्याण निधी. रघुजीनगरचं शिशुमंदिर, कॅरम आणि नाट्य स्पर्धा ज्या खिशातून चालतात तो खिसा. मिहानातली हजारो पगारपत्रकं ही वर्गणी भरतात, आणि भरणाऱ्यांपैकी बहुतेकांना ती आयकराचीच एखादी आतेबहीण वाटते. शंभर रुपयांत काय येतं, असं म्हणू नका. माणशी वर्षाला दोनशे झाले, आणि माणसं किती आहेत ते कंपन्याच दर पत्रकार परिषदेत फुगवून सांगतात. त्यांचाच आकडा धरू.

तेव्हा पुढच्या डिसेंबरात एचआरला दोन ओळींचा ईमेल टाका. ही कपात कशाची आहे, आणि तिच्यातून चालणारं सगळ्यात जवळचं केंद्र माझ्या घरापासून किती अंतरावर आहे, संध्याकाळी किती वाजता उघडतं? उत्तर येईल, 'ही वैधानिक कपात आहे.' येऊ द्या. मग तोच ईमेल पुन्हा पाठवा, यावेळी कामगार कल्याण मंडळाच्या नागपूर कार्यालयाला प्रत लावून, आणि खाली शेजारच्या चार फ्लॅटवाल्यांच्या, बाजूच्या गल्लीतल्या नर्सबाईंच्या आणि गेटवरच्या सिक्युरिटीवाल्या भाऊंच्या सह्या घेऊन. भाऊंची सही आधी घ्या. त्यांची दोन लेकरं आहेत आणि फलक वाचून वाचून त्यांना सगळे नियम तोंडपाठ आहेत.